मामांचं पहिलं अक्षर

माझ्या लग्नाची इंग्रजी निमंत्रणपत्रिका मी स्वतः जुळवली, हे मी अजूनही मोठ्या तोऱ्यात सांगते. ऐकणारा "वा!" म्हणतो न म्हणतो तोच माझा नवरा मध्ये तोंड घालतो, "मामांचं सांग ना." मग सांगावंच लागतं.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवते. आम्हा गणितवाल्यांचं अक्षरजुळणीचं एक लाडकं सॉफ्टवेअर आहे. त्यात माऊस फिरवून पान सजवत नाहीत. हे शीर्षक, हे सूत्र, ही ओळ मध्यभागी, अशा आज्ञा लिहून द्यायच्या, की ते सगळं देखणं मांडून देतं. मी त्यात प्रश्नपत्रिका करते आणि मैत्रिणींचे प्रबंध करून देते. मी किराण्याची यादीसुद्धा त्यातच करीन, असं आईचं म्हणणं आहे.

त्यातली माझी सगळ्यात आवडती आज्ञा शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करते. प्रबंधवाले शीर्षकं वाट्टेल तशी लिहितात. एकाचं सगळंच मोठं, दुसऱ्याचं सगळंच लहान, तिसऱ्याचं मूडप्रमाणे. ही आज्ञा दिली की सगळी प्रकरणं कशी शहाण्यासारखी एका वळणावर येतात. 'ऑफ', 'अँड' असले किरकोळ शब्द ती लहानच ठेवते. आणि एखादा भाग आपण महिरपी कंसात घातला, तर त्याला ती हातच लावत नाही. याचं मी पाहते, तू लांब राहा, असा त्या कंसाचा अर्थ.

मराठी पत्रिकेत ही भानगड नव्हती. आपल्याकडे क म्हणजे क, मग तो आजोबांच्या नावात असो की वाक्याच्या मध्ये. ती पत्रिका अकोल्याच्या छापखान्यानं नेहमीसारखी छापून दिली, गणपती, तोरण, सगळं. इंग्रजी पत्रिका कॉलेजातल्या लोकांसाठी हवी होती, आणि ती मीच करणार म्हणून मी हटून बसले. शिफ्टचं बटण दाबायचा मला पहिल्यापासून कंटाळा. म्हणून सगळी नावं मी लहान अक्षरांत बडवली आणि वर ती आज्ञा ठेवून दिली. आजोबा, बाबा, काका, नवऱ्याकडची मंडळी, सगळ्यांची पहिली अक्षरं टकाटक उभी राहिली.

फक्त मामांच्या ओळीसाठी मी अक्षरांचा वेगळा टाइप निवडला. वेलबुट्टीचा, नाजूक, बाकी पानात कोणालाच न दिलेला. मला सख्खा असा एकच मामा. बार्शीटाकळीजवळ त्यांचा भाजीचा मळा. लहानपणी दर उन्हाळ्यात मी त्यांच्या मोटरसायकलच्या टाकीवर बसून अकोल्याच्या बाजारात जायची. आमच्यात मुलीला बोहल्यावर मामा आणतो, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. मामा आल्याशिवाय गुरुजी तोंड उघडत नाहीत. तेव्हा त्यांची ओळ सगळ्यांत देखणी व्हायला हवी होती. वेगळा टाइप द्यायचा म्हणून ती मी कंसात घातली.

छापण्याआधी पत्रिका घरभर फिरली. प्रत्येकानं तपासली, म्हणजे प्रत्येकानं आपलं नाव तपासलं. मामांना दाखवली नव्हती, कारण त्यांना चकित करायचं होतं. ते झालेच.

बाबा त्यांना मराठी पत्रिका द्यायला गेले, तेव्हा मामांनी इंग्रजीचाही गठ्ठा मागून घेतला. बाजारात वाटायला इंग्रजीचं वजन पडते, म्हणे. दोन दिवसांनी मामीचा व्हॉट्सॲपवर आवाज आला, "बाई, तुहे मामा रुसले. पत्रिकेत सगळ्याइचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू होते, अन् आपलंच बारक्यानं, असं म्हून राहिले. लग्नाले येतो म्हणते, पण पोरीले आणायले दुसरा मामा पाहा म्हणते."

मी पत्रिका काढून पाहिली. खरंच की! त्या नाजूक वेलबुट्टीत मामांचं पहिलं अक्षर गरीब बिचारं नावातल्या बाकीच्या बारक्या अक्षरांच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं. आधी मला हसू आलं. मग राग आला, एवढ्याशा अक्षरावरून कोणी रुसतं का! आणि मग मामीचं शेवटचं वाक्य पुन्हा ऐकलं. दुसरा मामा कुठून आणायचा? लग्न आठवड्यावर आलेलं. मी सकाळची बस पकडून अकोल्याला, आणि तिथून मळ्यावर गेले.

मामा बांधावर बसून सांभार निवडत होते, म्हणजे तुमची कोथिंबीर. मान वर केली नाही.

"बस," म्हणाले. "चहा घेशीन?"

"चहा नंतर. कावून रुसले तुमी?"

"मी कायले रुसतो? इंग्रजीत अक्षराइचंबी मानपान असते, आता समजलं मले. शिकल्या लोकाइचं आहे ते."

मी त्यांना सगळं समजावलं. आज्ञा काय करते, कंस काय करतो. तुमचं नाव मला सगळ्यांत सुंदर करायचं होतं, म्हणून ते कंसात ठेवलं, म्हणून ते मशीनच्या हाती लागलं नाही. सिद्धता मांडावी तसं पायरीपायरीनं सांगितलं. मामांनी जुडी बांधली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे बाकीच्याइले मशीननं मोठं केलं, अन् मले तू आपल्या हातानं लहान ठेवलं. असंच ना?"

तर्कात चूक काढायला जागा नव्हती. माझं डोकंच फिरलं.

"ठीक आहे! तुमी नाई आले तर मी बोहल्यावर जातच नाई."

"नको जाऊ."

"नाईच जात!"

"मंग राह्य इथीसाच. सांभार निवड."

मी खरोखरच फतकल मारून बसले आणि जुड्या बांधू लागले. मामांनी माझी एक जुडी उचलून पाहिली, सोडली आणि पुन्हा बांधली. बराच वेळ आम्ही दोघं तोंड फुगवून काम करत होतो. मामी चहा घेऊन आली आणि आमच्याकडे पाहून खो खो हसत सुटली. चहा ठेवून ती घरात गेली आणि उरलेल्या पत्रिका घेऊन आली.

"पाह्य तुह्या मामाचं काम."

प्रत्येक पत्रिकेवर मामांनी निळ्या बॉलपेननं आपलं पहिलं अक्षर गिरवून मोठं केलं होतं. असं दणदणीत, की ते वरच्या ओळीतल्या बाबांच्या नावात घुसलं होतं. अर्ध्या पत्रिका तर बाजारात वाटूनही झाल्या होत्या.

"मामा, हे काय?"

"दुरुस्ती," मामा म्हणाले.

"मंग आता राग कायचा? अक्षर तर झालं मोठं!"

मामा उठले. जुड्यांवर पाणी मारलं आणि टोपली उचलून विहिरीकडे गेले. मामी माझ्याजवळ टेकली.

"अक्षराचं काय घेऊन बसली, बाई? तारीख ठरली तवापासून त्याइचं ध्यान नाई ठिकाणावर. पोरगी चालली, हे तोंडानं बोलता येत नाई. कशावर तरी रुसा लागते माणसाले. अक्षर सापडलं, त्याच्यावर रुसले."

यावर माझ्याकडे कोणतीही आज्ञा नव्हती. मी विहिरीपाशी गेले आणि मामांच्या हातातली टोपली धरली. येता का, एवढंच विचारलं. टोपलीची एक कडी त्यांनी आणि एक मी, अशी आम्ही गाडीपर्यंत नेली. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत एवढा सांभार कोंबला, की परतीच्या बसमध्ये सगळे माझ्याकडे वळून बघत होते. पण येतो म्हणाले नाहीत ते नाहीतच.

लग्नाच्या दिवशी अकोल्याच्या हॉलमध्ये मी खोलीत नटून बसले होते, आणि जो दार उघडेल त्याला मामा आले का, एवढंच विचारत होते. आले आहेत, जेवणाच्या बाजूला आहेत, पार्किंगमध्ये दिसले, असं प्रत्येक जण वेगळंच सांगत होता. आईनं तर लांबच्या एका मामांना तयार राहायला सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात गुरुजींनी माइकवरून पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. खोलीत कोपऱ्यात बसलेले लांबचे मामा उपरणं सावरत पुढे आले. मी उठून दार उघडलं.

दाराला अगदी लागून मामा उभे होते. डोक्याला फेटा, अंगात नवा सदरा, घामानं भिजलेला. कधीपासून उभे होते कोण जाणे. लांबच्या मामांकडे त्यांनी असं पाहिलं, की ते तसेच मागे सरकले. मग मामांनी माझा दंड धरला.

समोर फोटोवाला उलटा चालत होता. नवऱ्याकडचे लोक मुहूर्त, मुहूर्त म्हणून ओरडत होते, म्हणून मी भराभर पावलं टाकू लागले. मामांनी दंड आवळला.

"हळू चाल, माय," ते माझ्या कानाशी म्हणाले. "लोकं म्हणते मामा पोरीले आणते. आणत नाई गं तो. नेऊन देते."

गुरुजी घड्याळ बघत होते. मला जमेल तितकं हळू मी चालले.