आईसाठी सोडलेला माळ

स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. आम्हा ठाकरांत वकील झालेली मी पहिली बाई. कचेरीतला शिपाई मला विचारायचा, "बाई, वकीलसाहेब कुठं राहिले?" आधी मी चिडायचे, पुढं पुढं "येतायत मागून" म्हणून सरळ आत शिरायचे. वाडीला मात्र माझ्या काळ्या कोटाचं केवढं कौतुक! कोट आहे म्हणजे जागा आपलीच, असं सगळे धरून चालले होते.

जागा म्हणजे देहूच्या वाटेवरचा माळ आणि त्यावरची आमची वीसेक खोपटं. पिंपरीकडं कारखाने उभे राहू लागले होते आणि माळही त्यातल्या एकासाठी जाणार होता. आमच्यापाशी कागदाचा कपटाही नव्हता. सरकारदप्तरी ती पडीक जमीन. प्रांतसाहेबांकडं खेटे घालून मी एवढंच पदरात पाडून घेतलं, की पंचनाम्याच्या दिवशी माळावर लोक राहताना दिसले तर बदली जागा मिळेल. वाडीत जाऊन मी बजावलं, "पंधरा दिवस कुणी हलायचं नाही. चुली पेटत्या ठेवा."

पाचव्या दिवशी माझी आई गेली.

आमच्या वाडीत मयत झाली की त्या जागी कुणी राहत नाही. सगळी वाडी खोपटांच्या मेढी उपटते, कुडाच्या भिंती खांद्यावर घेते आणि ओढ्यापलीकडं नवी खोपटं घालते. वर्ष सरलं की परत यायचं. तिसऱ्या दिवशी सगळे माझ्यासमोर येऊन बसले. माझी आत्या वाडीत सगळ्यांत जाणती. ती म्हणाली, "बाय, तू म्हनशील तसं. ऱ्हावा म्हन, ऱ्हातो आमी."

कायदा मला ठाऊक होता, त्यांना नव्हता. पण वाडीतल्या प्रत्येक मेलेल्यासाठी मेढी उपटल्या होत्या, आणि माझ्याच आईसाठी नको म्हणू? शिकली आणि आईला विसरली, असं कुणी म्हणेल याची मला भीती वाटली. मी उठले आणि आईच्या खोपटाची पहिली मेढ मीच उपटली.

ठरल्या दिवशी पंच आले. मी त्यांना ओढ्यापलीकडची खोपटं दाखवली, तर ते म्हणाले, ती जमीन जंगल खात्याची. माळाबद्दल त्यांनी लिहिलं, 'जागा ओसाड, चुली थंड.'

प्रांतसाहेबांपुढच्या सुनावणीला मी आत्याला साक्षीला उभं केलं. साहेबांनी तिला विचारलं, "जागा सोडायला कुणी जबरदस्ती केली?"

"न्हाई जी. आमीच सोडली. मयत झाल्यावं ऱ्हायाचं नसतं. सालभरानं परत येनार व्हतो."

"कोण वारलं?"

आत्या मेलेल्या माणसाचं नाव घेईना. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"माझी आई," मी म्हणाले.

साहेबांची लेखणी जरा थांबली. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी लिहिलं, 'जागा स्वखुशीने सोडली.' मी कुणावर आरोप करणार होते? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बाहेर आल्यावर आत्यानं माझी बाही धरली. "रडू नगं, बाय. तुज्या आईचं समदं रीतीनं झालं बघ." बिचारी माझी समजूत घालत होती. मला तिथंच धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

माळाभोवती कारखान्याची भिंत उभी राहिली. जंगल खात्यानंही हुसकावलं, तेव्हा वाडी रेल्वेच्या कडेला एकाला एक खेटून बसली. मी पुढं पुष्कळ अर्ज लिहिले, सभांना गेले, लोक मला पुढारीण म्हणू लागले. त्या पुढारपणानं वीतभर जमीन परत आली नाही.

दोन वर्षांनी आत्या गेली. तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला कारखान्याची भिंत.

मी म्हणाले, "राहा."

बायका उठल्या आणि आत्याच्या खोपटाला लागूनच चुली पेटवायला बसल्या.