मी भात लावलं त्या दिवसाची गोष्ट

भात लावायला काही फार अक्कल लागत नाही, हे वाक्य मी आमच्या भोरच्या कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, पाच माणसांच्या साक्षीनं उच्चारलं. त्या पाचांत आमचे साहेबही होते. हातातला घास हातातच ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्ही लावलंय का कधी?"

"दरवर्षी लावतो!" मी म्हणालो.

(हे अगदीच खोटं नव्हतं. माझी सासुरवाडी वेल्ह्याकडं, मार्गासनीच्या पुढं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं लावणीच्या दिवशी मी तिथं हजर होतो. फक्त हजर होतो तो बांधावर, छत्री उघडून, मांडीवर पोह्यांची ताटली घेऊन!)

सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना आत्या. मामा मला दरवर्षी बांधावर एकाच ठरावीक जागी बसवायचे आणि हळूच सांगायचे, "पाव्हनं, समोरच्या खाचरावर ध्यान ठिवा." घरची माणसं माझ्या पाठीमागच्या खाचरात लावणी करायची. मला वाटायचं, बांधाच्या दोन्ही अंगांना आपलंच शेत. मागचं आधी उरकतात आणि समोरचं, म्हणजे खास खाचर, मी जेवून भोरला निघालो की घेतात. म्हणून तर त्याच्यावर जावयाची नेमणूक!

तर साहेब म्हणाले, "मग या रविवारी आम्हालाही न्या की!" बाकीचे चौघे लगेच तयार. आता माघार कशी घेणार?

शनिवारी मी मामांना फोन लावला. ते म्हणाले, "या की! सकाळी आमी आदी खालच्या आळीत सावड फेडाया जानार हाय. धाच्या सुमाराला येतो, मंग आपलं लावू. रोपाच्या मुठी बांदून बांदावर ठिवल्यात." (सावड म्हणजे, आज तुमचा माणूस माझ्या शेतात राबला की उद्या माझा माणूस तुमच्या शेतात राबणार. हिशोब माणसाला माणूस. सावड बुडवली की त्या घराची गावात शोभा झालीच म्हणून समजा.)

मग फोन माझ्या बायकोनं, शोभानं घेतला. ती दोन दिवस आधीच माहेरी गेली होती. "हे बघा, तुम्ही कशालाही हात लावू नका. यंदा रोपात रानडुकरं लोळली. उरलंय ते कसंबसं एका खाचरापुरतं आहे. ते वाया गेलं तर यंदा घरचा तांदूळ नाही. आणि बाबांनी जन्मात घरच्या इंद्रायणीशिवाय दुसरा भात खाल्लेला नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, माहीत आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवताक्षणी मला ती भन्नाट कल्पना सुचली. मामा दहाला येणार. आम्ही सहा धडधाकट पुरुष सातलाच पोचायचं आणि ते यायच्या आत लावणी फत्ते करून ठेवायची! मामा थक्क! शोभा गप्प! साहेब खूश! मला झोपच येईना.

सकाळी सातला तीन मोटारसायकलींवरून आम्ही बांधावर हजर. वरून सरी कोसळतायत, दोन्ही खाचरं चिखलणी करून तयार, बांधावर हिरव्यागार मुठींची रास! "कुठून सुरू करायचं?" साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडत विचारलं.

"समोरून!" मी बोट दाखवलं. "हे आपलं खास खाचर."

आणि उतरलो की आम्ही! पहिल्याच पावलाला साहेब कमरेपर्यंत आत गेले. त्यांना दोघांनी ओढून काढलं, पण त्यांचा उत्साह काही कमी होईना. एकेक अख्खी मूठ ते मेथीची जुडी खुपसावी तशी चिखलात खुपसत सुटले. मी सगळ्यांच्या पुढं. चिखल, पाऊस, आरडाओरडा, हसणं! इतकी मजा मला त्या कचेरीत बारा वर्षांत आली नव्हती.

अर्ध्यावर आलो असू, तेवढ्यात डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेतलेले एक वयस्कर गृहस्थ बांधावर येऊन उभे राहिले. बराच वेळ नुसते बघत होते.

"राम राम! कुनाचं पाव्हनं म्हनायचं?"

"शंकरमामांचा जावई!"

"आस्सं! आनि ह्ये खाचर कुनाचं म्हनायचं?"

"आमचंच की!"

"व्हय, व्हय," ते म्हणाले आणि बांधावर बसून तंबाखू मळायला लागले. "चालू द्या."

"अहो काका, नुसते बसलात काय? त्या मुठी फेका की इकडं!" मी हुकूम सोडला. काकांनी मुकाट्यानं मुठी फेकायला सुरुवात केली. गुणी माणूस! मधेच एकदा म्हणाले, "पाव्हनं, लावनी मागं मागं सरत करत्यात. तुमी फुडं चाललाय, तुमचंच पाय लावल्यालं तुडवत्यात."

"आम्ही मागं सरणाऱ्यातले नव्हे!" मी गरजलो. साहेबांनी आनंदानं टाळी दिली. (चिखलाचा हात. माझ्या चष्म्यावर.)

बरोबर दहाला शेवटची मूठ संपली आणि समोरून मामा येताना दिसले. मागं आत्या, शोभा आणि आळीतल्या सात-आठ बायका. मी बांधावर चढलो, दोन्ही हात पसरले आणि ओरडलो, "मामा, बघा! उरकलं!"

मामा थांबले. सगळ्या थांबल्या.

"अहो," शोभा अगदी हळू म्हणाली, "हे तुम्ही कुठं लावलंत?"

"खाचरात!"

"कुणाच्या?"

मी उत्तर द्यायच्या आत आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आगं बाई! बबनभावजींचं खाचर लावलं की वं!"

बबननाना म्हणजे शेजारचे. हा बांध नेमका कुणाचा यावरून मामांचं आणि नानांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. मोजणी झाली, तंटामुक्तीची बैठक झाली, काही उपयोग झाला नाही. दरवर्षी मामा मला समोर तोंड करून बसवायचे, ते खास खाचर म्हणून नव्हे, तर नाना बांध कोरतात का यावर पाळत ठेवायला! (आणि मी सहा वर्षं मोबाईलवर पाळत ठेवली.) आणि ते बबननाना म्हणजे खोळ घेतलेले, मुठी फेकणारे, गुणी काका!

"पाव्हनं," मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "त्याला इचारा, हितं बगत बसला हुता, तर सांगाया तोंड न्हवतं का?"

दोघांमध्ये अंतर चार हातांचं. तरी मी वळलो. "नाना, मामा विचारतात..."

"ऐकलं म्या! त्याला सांगा, आपलं अकरा वर्सं बोलनं बंद हाय. म्या कसा सांगनार?"

"सांगा त्याला, माजं रोप उपटून घेतो!"

"सांगा त्याला, माज्या खाचरात पाय टाकून दावावा!"

मी इकडून तिकडं, तिकडून इकडं वळतोय. साहेब आणि मंडळी चिखलात उभी राहून मान फिरवतायत. शेवटी मामा मटकन खाली बसले. "वरसाचं भात गेलं," ते म्हणाले. मला नाही, नानांना नाही, कुणालाच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शोभाकडं बघायची तर माझी छातीच झाली नाही.

तेवढ्यात आत्या पुढं झाल्या. त्यांनी आमच्याकडं बोट करून एकेकाला मोजलं. "सा गडी! बबनभावजी, सा गड्यांची सावड झाली तुमच्यावर. कवा फेडताय?"

नाना गडबडले. "वैनी, ह्यास्नी म्या बोलावलं न्हवतं!"

"मंग मुठी कुनी फेकल्या?"

"काकांनीच फेकल्या की!" साहेब चिखलातून उत्साहानं ओरडले. "सगळ्या!"

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. स्वतःच्या हातानं मुठी पुरवल्या, म्हणजे माणसं कामाला धरल्याचं मान्य केलंच की!

"आनि तुमचं खाचर तर लागलं," आत्यांनी सोडलं नाही. "मंग तुमचं रोप आता कुनासाठी राखलंय?"

नानांचा चेहरा लाल झाला. तंबाखू थुंकून ते उभे राहिले. "सावड बुडवनारी औलाद न्हाई आमची! आनतो गडी. आनतो रोप. इंद्रायनीच हाय माजंबी!"

आणि तासाभरात नाना खरंच घरची सहा माणसं आणि रोपाच्या मुठी घेऊन मामांच्या खाचरात उतरले! मामा एका टोकाला, नाना दुसऱ्या टोकाला, तोंडं विरुद्ध दिशांना. दोघंही लावत लावत मागं सरतायत. सरता सरता खाचराच्या मधोमध पाठीला पाठ धाडकन आपटली.

दोघं वळले. नानांनी बांधापलीकडं, मी लावलेल्या खाचराकडं बघितलं. कुठं साहेबांच्या जुड्या, कुठं नुसतेच माझ्या पायांचे खड्डे, कुठं रोपं आडवी पडून पोहतायत.

"शंकर," नाना म्हणाले, "आरं, ह्ये काय रं लावलंय?"

मामांनी बघितलं. त्यांच्या मिश्या हलल्या. "बबन, त्यो फुडं चालत लावत हुता व्हय?"

"लई जोरात! म्हन्ला, आमी मागं सरनाऱ्यातले न्हवं!"

आणि ते दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आत्याही डोळे पुसत होत्या, पण त्यांचं रडणं वेगळं होतं हे मला कळलं. संध्याकाळी दोन्ही घरांनी मिळून नानांचं खाचर दुरुस्त केलं. साहेबांनी एकेका जागी जे कोंबलं होतं, तेच उपसून सगळीकडं पुरलं. आणि सुगीला मामांच्या घरी तांदूळ घरचाच आला.

यंदा लावणीच्या आठवड्यात मी छाती फुगवून फोनची वाट बघत होतो. अकरा वर्षांचं भांडण मिटवणारा जावई आहे मी! फोन आला. मामा होते, आणि शेजारी नानांचा खोकला.

"पाव्हनं, म्या आनि बबननं बसून, इचार करून, एकमतानं ठरवलंय बगा."

"बोला मामा!" मी आनंदानं उठून उभा राहिलो. "कधी येऊ?"

"औंदा लावनी हुईपातूर," मामा म्हणाले, "तुमी भोर सोडायचं न्हाई."