स्टँडवरूनच माघारी

धावड्याला एसटी थांबली तेव्हा दादा, माझे थोरले दीर, स्टँडवर उभेच होते. हे त्याच दिवशी जेलमधून सुटले होते. गेटावरून यांना घेऊन मी थेट गावाकडं निघाले होते. मीना मांडीवर झोपलेली. दादांना बघून हे उतरायला उठले, तसे दादा गाडीच्या दारात आले.

"बाई, तू उतर. पोरीला उतरीव. त्याला न्हाई."

दादांचं चुकलं असं आजही म्हणवत नाही. यांच्या कानात आवाज यायचे. थोरला भाऊ तुला विष घालणार, असं ते आवाज सांगायचे. ते दाबायला हे दारू प्यायचे. तशाच एका दुपारी यांनी दादांचा गोठा पेटवला. दोन्ही बैल दाव्याला बांधलेले जळाले. त्यांचं हंबरणं साऱ्या गावानं ऐकलं होतं.

मी उतरले नाही. अक्का, दादांची बायको म्हणून तुम्ही घरात थांबायला हवं होतं, पण तुम्ही पळत आलात आणि खिडकीतून भाकरीचं गाठोडं दिलंत. "जीवाला जप," एवढंच म्हणालात. तीच गाडी आम्हाला घेऊन माघारी फिरली. लोक घर सोडून निघतात. आम्ही उंबऱ्याला पाय न लावताच निघालो.

नाशिकला माझ्या मावसबहिणीची ओळख होती, म्हणून नाशिक. पत्र्याची खोली मिळाली. द्राक्षाच्या शेडमध्ये पॅकिंगचं काम मिळालं. धावड्याला मी निंदणी आणि कापूस वेचणी एवढंच जाणत होते. इथं क्रेट, ओव्हरटाइम, नाइट शिफ्ट हे शब्द तोंडात बसले. माझी बोली ऐकून बाया हसायच्या. पुढं मीही 'न्हाई'चं 'नाही' केलं.

जेलच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या संपल्या आणि खरी लढाई सुरू झाली. गोळी दिली की हे जिभेखाली दाबून ठेवायचे. मी लहान लेकरासारखं तोंड उघडायला लावायची. गोळीनं हात थरथरायचे, अंग जड व्हायचं, म्हणून गोळी सोडायचे. गोळी सुटली की आवाज यायचे. आवाज आले की दारू. दारू आली की परत गोळी नको. घरमालकाला जेलचं कळलं की खोली बदलायची, आणि नव्या गल्लीत गुत्ता मात्र आधीच हजर असायचा.

एकदा यांनी नळातून दादा बोलतोय म्हणून गल्लीतला नळ दगडानं फोडला. चौकीतला हवालदार म्हणाला, "बाई, पुन्हा आत टाकून काय उपयोग? दवाखान्यात न्या." दवाखान्यात म्हणाले, दारू पितो, आधी व्यसन सोडवा. व्यसन सोडवणाऱ्यांकडं गेले तर ते म्हणाले, हा डोक्यानं आजारी आहे, आम्ही घेत नाही. भर उन्हात रस्त्याच्या कडेला यांच्याजवळ बसले तेव्हा वाटलं, या माणसाला ठेवायला पृथ्वीवर जागाच नाही. मीना तेव्हा यांच्या पावलाचा आवाज आला की कॉटखाली शिरायची.

तेव्हाच तुम्हाला फोन केला, अक्का. तुम्ही आलात आणि तिला घेऊन गेलात. ज्या गावानं बापाला नाकारलं, त्यानं लेकीला पोसलं. दर रविवारी मी एसटीडी बूथवरून बोलायची. आधी ती तुम्हाला मोठीआई म्हणायची. मग नुसतं आई म्हणायला लागली. फोन ठेवल्यावर मला खोलीवर जाववत नसे.

बऱ्याच वर्षांनी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी दारू आणि आवाज हे दोन्ही आजार एकदमच हाती घेतले. महिन्याला इंजेक्शन सुरू केलं. हे बरे झाले असं नाही. मधूनच दारू व्हायची, मधूनच आवाज यायचे. पण हे माझ्याशी बोलायला लागले.

आणि मीनाचं लग्न ठरलं, बदनापूरच्या मुलाशी. फोनवर तुमचा आवाज अडखळत होता. "सुनंदा, त्यांनी इचारलं बाप काय करतो. जेलात गेल्ता, पेतो, येडा हाय, कसं सांगायचं? मंग गेला म्हणून सांगितलं. तू ये. फक्त..."

पुढचं तुम्ही बोलला नाहीत. कपाळ पुसून आणि मंगळसूत्र काढून यायचं, हे मला कळलं.

पत्रिका आली ती यांच्याच हातात पडली. आपल्या नावाआधीच्या 'कै.'वर यांनी बोट ठेवलं. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "बराबर लिव्हलंय." थोड्या वेळानं विचारलं, "मुहूर्त किती वाजताचा हाय?"

मी गेले नाही. त्या दुपारी तांदळाला कुंकू लावलं, यांच्या ओंजळीत दिलं. हात थरथरत होते, दाणे गळत होते.

"कुणीकडं टाकू?"

पत्र्याच्या त्या खोलीत मला धावड्याची दिशाच सुचेना.

"मंग तुझ्यावरच टाकतो," हे म्हणाले, आणि सगळे तांदूळ माझ्या डोक्यावर टाकले. मग दोघंही खाली बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी शेडवर सुपरवायझरबाईंना माझ्या केसांत लाल दाणा दिसला.

"काय हो, लग्नाला गेला होतात वाटतं?"

"हो," मी म्हणाले. "घरचंच होतं."