राजूरला उतरलेली बाई

लग्न होऊन मी अकोले तालुक्यातल्या त्या डोंगरातल्या गावात आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत चार कथा होत्या. माहेरी, नेवाशाला असताना लिहिलेल्या. त्या मी कुठल्याच मासिकाकडे पाठवल्या नव्हत्या, कारण माझं अक्षर. आदल्या दिवशी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी मलाच लागत नसे.

आमचे हे तिथल्या शाळेवर मास्तर होते. त्यांचं अक्षर चार गावांत नावाजलेलं. लोक लग्नपत्रिकांवर पत्ते घालून घ्यायला त्यांच्याकडे येत. मी कथा लिहिते हे कळल्यावर त्यांनी काही चौकशी केली नाही. एवढंच म्हणाले, "तू लिही. मी पक्कं करून देतो."

मासिकांच्या सूचना असत: कागदाच्या एकाच बाजूला लिहावं, समास सोडावा, अक्षर सुवाच्य असावं, परतीचं पाकीट जोडावं. ह्यांना नियम मनापासून आवडत. माझ्या चारही कथा त्यांनी सूचनांबरहुकूम उतरवून काढल्या आणि पाठवल्या. चारही परत आल्या. सोबत प्रत्येक वेळी 'साभार परत'ची छापील चिठ्ठी. "कागद चुरगळलेला नाही," हे म्हणाले, "म्हणजे काळजीपूर्वक वाचलेली दिसते."

मग मी पाचवी लिहिली. भाताची लावणी उरकली होती, दुपारी वेळ मिळायचा. कथेतली बाई आमच्यासारख्याच गावातली, मास्तराची बायको. एके दिवशी ती स्वयंपाक करून झाकून ठेवते, घराला कुलूप लावते, किल्ली शेजारणीकडे देते आणि एसटीत बसते. राजूर जातं, अकोले जातं, ती उतरत नाही. संगमनेरला उतरते आणि गर्दीत चालायला लागते. कथा संपली. नवरा तिला मारत नाही, सासू नाही, दुसरा कुणी पुरुष नाही. ती नुसती जाते. असं मी कुठं वाचलं नव्हतं, म्हणून मला ती कथा फार आवडली होती.

ह्यांनी ती उतरवून काढली आणि राजूरला गेले तेव्हा पोस्टात टाकून आले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "आणलं तिला परत."

"कुणाला?"

"तुझ्या बाईला. राजूरला उतरवली. तिथं तिला विचार सुचतो आणि ती परतीच्या गाडीनं घरी येते. भात अजून गरम असतो."

मी भाकरी थापत होते ती तशीच तव्यावर टाकली. म्हटलं, "अहो, पण ती जाते! कथाच तेवढी आहे."

"आणि नवऱ्याला मी तलाठी केलंय."

"का?"

"लोक काय म्हणतील? आपल्या गावात मास्तर कितीसे आहेत?"

भाकरी करपली. त्यांनी ती खाल्ली. मग हात धुऊन आले आणि उंबऱ्यापाशी थांबून विचारलं, "तुला जायचंय का कुठं?"

ते खरंच विचारत होते. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं.

"मला कुठं जायचंय? कथेतल्या बाईला जायचंय."

"पण नवरा मास्तरच का?"

"मी दुसरा कुठला नवरा पाहिलाय?"



ती कथा परत आली. या वेळी चिठ्ठीवर शाईनं लिहिलं होतं, 'शेवट पटला नाही.' ह्यांनी ते वाचून चिठ्ठी माझ्याकडे दिली आणि शाळेत गेले. मी बसून तीच कथा माझ्या हातानं, माझ्या शेवटासह, मास्तरासकट लिहून काढली. जमेल तेवढं मोठं अक्षर काढलं, त्यामुळे कागद दुप्पट लागले. पाकिटावर पत्ता मात्र ह्यांच्याकडून घालून घेतला, कारण ते मुंबईला पोचायला हवं होतं. तो त्यांनी घालून दिला. "छापखान्यातला कंपोझिटर नोकरी सोडेल," एवढंच म्हणाले.

काही महिन्यांनी कार्ड आलं: कथा दिवाळी अंकासाठी स्वीकारली आहे. टपाल शाळेतच येई. पोरांना पाढे म्हणायला लावून हे भर दुपारी घरी आले, कार्ड माझ्या हातात दिलं आणि पाणी प्यायले. परत जाताना टोपी विसरून गेले.

अंक आला तेव्हा त्यांनीच आधी वाचला, दारात उभ्या उभ्या. शेवटी पान उलटलं. मागं केसांच्या तेलाची जाहिरात होती.

"पुढचं कुठाय?"

पुढचं नव्हतं. संपादकांनी शेवटचं पान कापलं होतं. बाई शेजारणीकडे किल्ली देते, रस्त्यावर येऊन उभी राहते, लांबून गाडीचा आवाज येतो. बस्स. जातही नाही आणि येतही नाही.

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण ह्यांचा राग बघून ते राहूनच गेलं. "हा कोण कापणारा?" असं म्हणत ते कागद घेऊन बसले. आपल्या सुरेख अक्षरात लिहायला लागले, 'लेखिकेच्या संमतीवाचून कथेच्या शेवटात फेरफार करणे हे...' आणि थांबले. लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "चहा करतेस?"

मी चहा केला. ते पत्र पुढं गेलं नाही.

शेजारणीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी कथा तिला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "किल्ली मला दिली ते लई बरं केलं. पर ती जाईना का कुठंबी, सांजच्याला मास्तरांच्या जेवनाचं कोन बघनार? मीच ना?"

"ते कथेत नाही."

"मंग लिवा की त्ये. आमाला बी कामं हायत."

पुढच्या वर्षी ह्यांची राहुरीकडं बदली झाली. त्या शाळेत टपाल रोज यायचं, त्यामुळे कथा लवकर परत येऊ लागल्या.