कोंड्याचा डबा

आमच्या गावाला धरणाच्या भोंग्याचं काडीचं कौतुक राहिलं नव्हतं, हे आधीच सांगते. नदीकाठच्या खांबावर भोंगा बसवला, त्याच्या डोक्यावर फिरणारा लाल दिवा बसवला, तेव्हा सगळं गाव बघायला जमलं होतं. पहिल्यांदा वाजला तर बायका धुणं तिथंच टाकून वर पळाल्या. मागून कळलं, ती चाचणी होती. मग चाचण्या होतच राहिल्या. भोंगा वाजला की कुणीतरी ‘चहा टाका’ म्हणायचं नि बाकीचे हसायचे. मीही हसायचे.

सासूबाईंना तर भोंगा ऐकूच यायचा नाही. दोन्ही कान गेलेले. मोठ्या दिरांनी पुण्याहून यंत्र आणून दिलं होतं, पण ते कानात शिट्टी मारतं म्हणून त्यांनी देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या शेजारी ठेवून दिलं. देवाला ऐकू येतंय तेवढं बास, म्हणायच्या. माझा नुसता जीव जळायचा. हाका मारून मारून माझा घसा बसायचा आणि ह्या आपल्या शेळ्यांशी गप्पा मारत बसलेल्या.

त्या शेळ्यांना घरी बोलवायची आमच्याकडं एकच रीत. गोठ्याच्या मेढीला तेलाचा पत्र्याचा डबा टांगलेला असतो, त्यात भाताचा कोंडा. संध्याकाळी विळ्याच्या मुठीनं डबा बडवला की शेळ्या असतील तिथून कोंडा खायला पळत येतात, आणि शेळ्यांमागनं सासूबाई.

त्या दिवशी भादव्यातली दुपार होती. धो धो कोसळून पाऊस उघडला होता, खाचरांवर ऊन पडलं होतं, राजगडाचा माथा मात्र अजून काळ्या ढगात. नदी उतरलेली बघून सासूबाई शेळ्या घेऊन बेटावर गेल्या. बेट म्हणजे पात्राच्या मधोमध दगडगोट्यांचा नि गवताचा उंचवटा. अलीकडच्या धारेला घोटाभर पाणी होतं. मी काठावरच्या गोठ्यात शेण काढत होते. भोंगा वाजला. मी मान वर केली नाही.

पण तो थांबेना. चाचणीचा भोंगा एकदा ओरडून गप्प होतो. हा थांबायचा, परत सुरू व्हायचा, परत थांबायचा. लाल दिवा उन्हात फिका दिसत होता, पण फिरत होता. तेवढ्यात रस्त्यानं कर्ण्याची जीप गेली. धरणातून पाणी सोडलंय, पात्रात कुणी उतरू नका. माझ्या हातातली शेणाची पाटी खाली पडली.

सासूबाई बेटाच्या पार पलीकडच्या टोकाला, आमच्याकडं पाठ करून, छत्री टेकवून बसल्या होत्या. दिवासुद्धा त्यांच्या पाठीमागं. मी ओरडले, गोणपाट घेऊन हलवलं. पाठ ती पाठच. उतरणीला लागले, तर शेजारच्या चुलत सासऱ्यांनी माझा दंड धरला. धारेचं पाणी गढूळ होऊन पोटरीला आलं होतं.

“तू उतरलीस तर दोगी बी जाशीला,” ते म्हणाले.

त्यांचा असा राग आला की हाताला चावले असते. त्याहून जास्त राग आला फळीवरच्या त्या यंत्राचा. आणि मग बेटावर सगळ्यात पुढं चरणाऱ्या पांढऱ्या शेळीकडं नजर गेली. तिनं भोंग्याकडं एकदा मान वळवली नि परत गवतात तोंड घातलं. तिलाही सवय झालेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

गोठ्याकडं पळाले. डबा काढला तर आत कोंड्याचा कण नाही. रिकामाच घेऊन काठावर आले. भोंगा दम खायला थांबला की मी बडवायचे, तो सुरू झाला तरी बडवायचे. हाताला कळ लागली. पांढरीनं कान टवकारले. वळली, आणि निघाली. तिच्यामागं बाकीच्या, पाणी तुडवत.

सासूबाई उठल्या. छत्री बेटावर तशीच पडली. शेळ्यांना शिव्या घालत त्या धारेपर्यंत आल्या, तर एक करडू पाण्याला बिचकून मागं उभं. त्या माघारी फिरल्या, करडू काखेत मारलं आणि पाण्यात शिरल्या. पाणी गुडघ्याच्या वर. चुलत सासऱ्यांनी खाली उतरून काठी पुढं केली, मी मागून त्यांना धरलं. असं ओढून सासूबाईंना वर घेतलं.

“भर दुपारी डबा वाजवतीस? चरू बी देत न्हाईस जित्राबांना,” त्या माझ्यावर खेकसल्या.

मी खांद्याला धरून त्यांना नदीकडं वळवलं. बेटावरचं गवत आडवं झालं, मग दिसेनासंच झालं. छत्री गरगरत पुढं निघून गेली. सासूबाई करडाला घट्ट धरून मटकन खाली बसल्या. मला रडू फुटलं, ते आवरेना.

शेळ्या डब्यात तोंड खुपसायला एकमेकींना ढकलत होत्या. सासूबाईंनी डबा माझ्याकडनं घेतला, आत बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग उठल्या आणि ओल्या लुगड्यानंच घरात गेल्या. आमच्या खायच्या कण्या होत्या, त्या ओंजळीनं आणून डब्यात ओतल्या आणि एकेका शेळीपुढं धरल्या. कण्या कशाला, कोंडा आणते गिरणीतून, असं मी खुणेनं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“आत्ताच द्याया पायजे,” त्या बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. “रिकामा डबा वाजवला तर फुडल्या टायमाला येनार न्हाईत त्या.”

काठावर निम्मं गाव जमलं होतं. भोंगा अजून वाजत होता. चहाचं नाव कुणी काढलं नाही.