अक्काच्या घरातला उजेड

अक्काच्या घरात काहीही चुकलं की चूक घराची असे, अक्काची कधीच नसे. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तर म्हणायची, "अंधारात दोन्ही सारखंच दिसतंय की." माझ्या भावाला माझ्या नावानं हाक मारली, तर "दारातनं आलेलं माणूस काळंच दिसतंय रे!" सोलापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला, दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये तिची पत्र्याची खोली होती. खिडकी नव्हतीच. त्यामुळे तिचं म्हणणं कुणाला खोटं वाटत नसे.

दिवसा बल्ब लावायला मात्र सक्त मनाई. "दिवसा दिवा लावलं तर लक्ष्मी रुसती." नवरा गेल्यापासून ती एकटी राहायची, विड्या वळून पोट भरायची. मुलगा पुण्याला चल म्हणून मागे लागायचा, पण ही त्याला वाटेला लावायची. "हात चालतंय तवर मी कुणाच्या दारात जाणार न्हाय." विडी वळताना ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत गप्पा मारायची. "आमची अक्का न बघता वळते," असं आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो.

मोबाइलवर मी बाटलीचा दिवा पाहिला आणि माझ्या अंगात आलं. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, त्यात पाणी, शेवाळ धरू नये म्हणून टोपणभर ब्लीच. पत्र्याला भोक पाडून बाटली अर्धी आत, अर्धी बाहेर बसवली आणि कडेनं डांबर लावलं. अक्का नको नको म्हणत होती. मला ती भीड वाटली. वरचं ऊन पाण्यातनं आत पसरलं, खोली लख्ख उजळली, गल्ली बघायला लोटली. मी मोठ्या ऐटीत सुई-दोरा तिच्या हातात दिला. "अक्का, ओव बघू आता!"

दोरा सुईच्या बाजूनंच जात राहिला. कुणीतरी हसलं. अक्कानं पदर तोंडावर ओढून घेतला.

दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही म्हणाले. मुलगा लगेच न्यायला आला. लोक म्हणतात, बरं झालं, कळलं तरी. असेलही. पण तिनं एवढ्या निगुतीनं झाकलेलं मी चारचौघांत उघडं पाडलं, याची मला अजून लाज वाटते.

ती निघायच्या दिवशी मी शिडी घेऊन गेलो. अक्का गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली होती.

"अक्का, काढतो मी ती बाटली. तू हितंच ऱ्हा."

"आता काढून काय करतो रे?" ती म्हणाली. "सगळ्यांनी बघितलंय की."

मी शिडी उचलून घरी आलो.