तिसरा डाग

वेदनातज्ज्ञांना दाखवायला आईच्या पाठदुखीवरच्या उपचारांची यादी केली आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, डाग. दुष्काळी कामावर खडी फोडून तिची कंबर धरली होती, उभं राहता येईना. काष्टीच्या बैलबाजारात, बैलांना डागणाऱ्यासमोर वडिलांनी तिला पालथं दाबलं आणि आठ वर्षांच्या मला तिच्या पायांवर बसवलं. "गप पड. वरडलं की दुखनं आतच राहतं, पुन्हा डागावं लागतं," तो म्हणाला. लाल विळा दोनदा टेकला, कातडी चरचरली. तिनं पोतं चावलं, पण आवाज काढला नाही. किंचाळले मी. "कुनी का वरडंना," म्हणत त्यानं तिला तिसरा डाग दिला. आज डॉक्टरांनी मणक्यालगत बसवायची, विजेनं वेदना अडवणारी तार दाखवली. आई माझ्याकडं वळून म्हणाली, "आता तरी तू वरडू नको."